एक्केचाळीस तुकडे

२० सप्टेंबर

नोकरीत होतो तेव्हा दर महिनाअखेरीस दैनंदिनी सादर करावी लागायची. कोणत्या गावी गेलो, कोणता गट मोजला, मुक्काम कुठे केला. भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षे भूकरमापक होतो, त्यामुळे निवृत्तीनंतरही वही चालूच राहिली. जूनपासूनची पाने मात्र कोरी आहेत. ९ जूनला माझी पत्नी, तेजूची आई, वारली. त्यानंतर नोंद करावी असे काही काम झाले नाही.

आज काम निघाले. घट बसण्याआधी दिंद्रुडमध्ये घरोघरची अंथरुणे-पांघरुणे धुवायला निघतात. आमच्याकडे यंदा सण नाही, पण धुण्याला हरकत नसावी म्हणून लोखंडी पेटी उघडली. तळाशी एका गाठोड्यात पाच जुन्या साड्या सापडल्या. या कशासाठी ठेवल्या असतील, हे विचारायला लातूरला तेजूला फोन केला.  ती म्हणाली की आईने त्या बाळंतपणातल्या गोधडीसाठी काढून ठेवल्या होत्या. तिला डिसेंबरची तारीख मिळाली आहे. म्हणाली, "आप्पा, मला दुसरं काहीच नको. तेवढी गोधडी करून द्या."

संध्याकाळी वच्छलाबाईकडे गेलो. त्या मागच्या गल्लीत राहतात. गावात हाताने गोधडी शिवणाऱ्या आता त्याच उरल्या आहेत. तेजूच्या आईबरोबर वीस वर्षे आमच्या ओसरीवर बसून त्यांनी गोधड्या शिवल्या. तिला त्या आक्का म्हणत, म्हणून मी त्यांचा दाजी. पितृपंधरवडा संपल्यावर काम हातात घेते म्हणाल्या. नवरा शहादेवबरोबर त्या दरवर्षी ऊसतोडीला जातात. टोळी दिवाळीनंतर निघणार आहे, म्हणजे महिनाभर हाताशी आहे.

साड्या किती लागतात, असे विचारले. उत्तर: "आना तर खरं. आंथरल्यावर कळतंय."

याला उत्तर म्हणत नाहीत.

२२ सप्टेंबर

अंथरल्यावर कळेपर्यंत थांबणे मला जमणार नाही. आज साड्या मोजल्या.

साडी साडेपाच मीटरची असते हा समज चुकीचा आहे. पाचही साड्या धुवून धुवून आटल्या आहेत: ५.३१, ५.२६, ५.४०, ५.२२. पाचवीचा पदर कापलेला आहे, ती ४.६५ भरली. पन्हा, म्हणजे रुंदी, सरासरी १.१२. एकूण क्षेत्र २८.९४ चौरस मीटर.

गोधडी केवढी करायची हे तेजूला विचारले. "घरातल्या गोधडीएवढी." घरातली मोजली. एक बाजू १.८३, समोरची १.७७, रुंदी एका टोकाला १.३८ आणि दुसऱ्या टोकाला १.३२. चारही कोन चुकलेले. एकाच घरात बसून दोन बायकांनी आयुष्यभर शिवलेल्या वस्तूला एकही काटकोन नाही. वेड्यावाकड्या शेतासाठी घेतो तशी सरासरी घेतली: १.८० बाय १.३५. एक कोपरा उसवलेला होता तिथे पदर, म्हणजे कापडाचे थर, मोजले, नऊ निघाले.

वच्छलाबाईंना लांबी विचारली तर म्हणाल्या, चार हात आणि थोडं. हात कुणाचा? म्हणून टेप घेऊन गेलो आणि कोपरापासून बोटापर्यंत मोजू द्या म्हणालो. त्यांनी हात मागे घेतला. "कावून? हातावर बांध घालताव का काय?" शहादेव ओट्यावर बसून खो खो हसत होता. हात ४२ सेंटिमीटर भरला. चार हात म्हणजे १.६८. "थोडं" म्हणजे किती, ते दोघांपैकी कुणालाही सांगता आले नाही.

२४ सप्टेंबर

जमिनीच्या एकूण क्षेत्रातून पोटखराबा वजा करावा लागतो. नाला, खडक, पडीक, जिथे काही पिकत नाही ते. साडीलाही हाच नियम लागू होतो. विरलेले कापड मजबूत गोधडीत कसे धरायचे?

प्रत्येक साडी दारात उजेडावर धरून विरलेल्या भागाभोवती खडूने रेघ मारली. एक गोष्ट लक्षात आली ती नोंदवतो. पाचही साड्यांची झीज त्याच त्याच जागी आहे. डाव्या कमरेला, जिथे किल्ल्या खोचतात. मागे टाचेपाशी. पदराच्या एका टोकाला, साधारण वीतभर. पाच साड्या, वेगवेगळी वर्षे, पण झिजण्याची जागा एकच. एकाच गावच्या पाच गटांमधून नाला जातो तसे दिसते.

पोटखराबा ७.८६. निव्वळ क्षेत्र २१.०८. नऊ पदरांसाठी हवे २१.८७. तूट ०.७९.

म्हणजे पाच साड्या पुरत नाहीत. हे मला चार दिवसांपूर्वी एका वाक्यात सांगता आले नसते का?

२५ सप्टेंबर

सकाळपासून कापत होतो. कात्री तेजूच्या आईची, तिची मूठ मला लहान पडते. विरलेले भाग काढून टाकले, चांगले तुकडे इस्त्री करून घडी घातले. खराब तुकडे एक्केचाळीस निघाले. खराब्याचीही नोंद ठेवायची असते, म्हणून प्रत्येकाच्या काठावर बॉलपेनने क्रमांक घातला.

तूट भरून काढायला बाजारातून नवीन सुती कापड आणले, एक मीटर. हिशेब जुळला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी जुळले.

२६ सप्टेंबर

स्कूटर बंद पडली म्हणून लखनच्या गॅरेजमध्ये ढकलत नेली. हात पुसायला तो एक भिकार पोते वापरत होता. एक्केचाळीस तुकडे घरात पडूनच होते, ते आणून दिले. लई उपकार झाले म्हणाला.

२७ सप्टेंबर

वच्छलाबाईंकडे गाठोडे दिले. त्यांनी तुकडे एकेक करून मांडीवर घेतले, उलटसुलट केले, नव्या कापडाला बोट लावून ते बाजूला ठेवले. मग गाठोड्याचे फडके झटकले. मी सगळे आणले नाही असे त्यांना वाटले असावे.

"दाजी, बाकीचं कुठंय?"

मी समजावून सांगितले. एकूण, पोटखराबा, निव्वळ, तूट. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हंजी वाकळ फेकून दिली आन् कापड तेवढं आनलं."

त्यांचे म्हणणे असे. चांगले कापड फक्त वर आणि खाली लागते. मधले सगळे पदर विरलेल्या कापडाचेच करायचे असतात. विरलेल्या कापडात सुई जाते, ते एकमेकांवर बसते, ऊब धरते. भक्कम कापड आत घातले तर धुतल्यावर एक पदर इकडे ओढतो आणि एक तिकडे. नवे कापड तर पहिल्याच पाण्यात आटते आणि सगळी गोधडी आकसून बसते. बाळंतिणीच्या अंगाला ते टोचते.

ही कारणे तांत्रिक आहेत आणि मला पटली. त्यानंतर त्या किल्ल्यांच्या जागेबद्दल काहीतरी बोलल्या आणि उठून आत गेल्या. ते कामाशी संबंधित नव्हते म्हणून लिहीत नाही.

त्या बाहेर आल्यावर मी विचारले की हे आधी का सांगितले नाही. म्हणाल्या, "तुमी साड्या किती लागत्यात त्येवढंच इचारलं. कोनती कुठं लागती ते कुठं इचारलंत?"

संताप आला. शेतकरी मोजणीचा अर्ज घेऊन आला की कोणती कागदपत्रे लागतात ते आम्ही न विचारता सांगायचो. या घरात चौतीस वर्षे गोधड्या शिवल्या गेल्या आणि कुणाला मला एवढे सांगावेसे वाटले नाही. मी विचारले नाही हे खरे आहे. पण मी ओसरीवरून जात-येत होतो, आणि त्या दोघी तिथेच बसलेल्या असायच्या.

तुकडे परत आणा, मग सुई धरते, असे म्हणाल्या. सोयाबीनच्या काढणीला रोज जावे लागते, त्यांनाही वेळ नाही.

२८ सप्टेंबर

लखनकडे गेलो. तुकड्यांचे नाव काढताच खूश झाला. "काका, लई भारी कापड हाय बगा. एका पुसण्यात ग्रीस जातंय. आसलं बाजारात भेटत न्हाई."

परत हवेत म्हटल्यावर माझ्याकडे बघतच राहिला. पोत्यात कोरे एकोणीस होते. तेलाच्या डब्याजवळ सात पडले होते, ते मी चिमट्याने उचलले. तेरा तुकडे त्याने रामेश्वर नावाच्या ट्रॅक्टरवाल्याला दिले, तो कालच धारूरकडे गेला. एकोणीस, सात, तेरा: एकोणचाळीस. दोन तुकड्यांचे काय झाले ते त्याला आठवत नाही. मी यादी काढून त्यांचे क्रमांक विचारले. लखन म्हणाला, "काका, चिंध्यांना नंबर?"

यादी घडी करून खिशात ठेवली.

तेजूचा फोन आला होता. काम कुठवर आले, असे विचारले. मोजणी चालू आहे असे सांगितले. ती हसली आणि म्हणाली, आई म्हणायची तुझ्या आप्पांना कोथिंबिरीची जुडी आणायला सांगितली तरी आधी देठं मोजतील. मी तसे कधी केलेले नाही. लखनचा विषय तिला सांगितला नाही. पोरीला सातवा महिना आहे. तिच्या आईचे कापड मी ग्रीस पुसायला दिले, हे फोनवर सांगता येत नाही. समोर बसूनही सांगता येईल का ते माहीत नाही.

२९ सप्टेंबर

धारूरला स्कूटरने गेलो. नव्या कापडाचा मीटर बरोबर घेतला होता, परत करता आला तर करावा म्हणून. रामेश्वरचा ट्रॅक्टर किल्ल्याच्या अलीकडे एका शेताच्या कडेला उभा होता, मळणीयंत्र चालू होते. तो तोंडाला रुमाल बांधून काम करत होता. अर्धा तास थांबलो.

हत्यारांच्या पेटीत नऊ तुकडे निघाले. एक सायलेन्सरवर बांधला होता, मधोमध जळून पिवळा पडलेला. एक स्टेअरिंगला गच्च गुंडाळला होता, हिरव्या काठाचा, क्रमांक २६. बाकीचे दोन उडून गेले म्हणाला. यादीशी ताडून पाहिले: आता ८, १७, ३० आणि ३१ हे चार नाहीत. शेवटचे दोन्ही एकाच साडीचे, कमरेचे.

स्टेअरिंगचा तुकडा तो सोडेना. "ह्यो ऱ्हाऊ द्या काका. हाताला लई मऊ लागतोय, घामानं घसरत बी न्हाई."

मी पिशवीतून नवे कापड काढून त्याला दिले. त्याने ते उघडून पाहिले, वास घेतला, परत माझ्याकडे पाहिले. "कोरं देऊन चिंधी घेताव? कावून?"

मोजणीत चूक झाली होती, असे सांगितले. ते खरेच आहे. त्याने पकडीने गाठ सोडली आणि तुकडा हातात देताना म्हणाला की असे असेल तर आधी सांगायचे होते, मी काय अडवले असते? काय असेल तर, ते बोलला नाही. मीही विचारले नाही.

घाट उतरताना दोनदा थांबून पिशवीत अकरा आहेत ना ते मोजले.

१ ऑक्टोबर

दोन दिवस धुणे. धुण्याचा सोडा, गरम पाणी, पुन्हा सोडा. हाताची साले निघाली. तेलाचे डाग बहुतेक गेले, ग्रीसचे पाच तुकड्यांवर राहिले. लखनने सांगितले रॉकेल लावा, शेजारणीने सांगितले राख लावा, वच्छलाबाई शेतावरून येताना डोकावून म्हणाल्या, चोळू नका, फाटंल. प्रत्येकजण जाता जाता सांगतो आणि पुढे जातो.

क्रमांक मात्र पुसले गेले नाहीत. बॉलपेन चांगल्या कंपनीचे होते.

सदतीस परत आले. चार गेले. दोरीवर सदतीस तुकडे वाळत घातले तेव्हा आमचे अंगण एखाद्या कार्यालयातल्या नकाशांच्या दालनासारखे दिसत होते. कुणी येऊन विचारू नये म्हणून फाटक लावून घेतले.

५ ऑक्टोबर

दसरा. आपल्याकडे काही नाही.

सकाळी शहादेव सांगून गेला की मुकादमाचा निरोप आला, साखर कारखान्याचा बॉयलर लवकर पेटणार आहे, टोळी दिवाळीपर्यंत थांबणार नाही. १३ तारखेला पहाटे गाडी. म्हणजे आठ दिवस. महिन्याचे आठ दिवस झाले आणि त्यातले गॅरेज-धारूर-धुणे यात मी किती घालवले ते मलाच माहीत आहे.

दुपारी वच्छलाबाई आल्या. ओसरी सारवून ठेवा असे सवयीने म्हणाल्या होत्या, आमची ओसरी फरशीची आहे. पुसून ठेवली. त्यांनी खाली एक अख्खे कापड अंथरले आणि त्यावर तुकडे टाकायला सुरुवात केली. टाकायलाच म्हणतो. एक दुसऱ्यावर चार बोटे चढला, पुढचा दोनच बोटे. मी दाखवले की मधे सहा पदर होतात आणि कडेला अकरा. त्या म्हणाल्या, कडेला पाय लागतात, ओढाताण होते, तिथे जास्त लागते. मधे कमी का? मधे माणूस असते, त्याची ऊब असते.

हे कुठेही लिहिलेले नाही.

कोपरा वाऱ्याने उडत होता. दगड आणतो म्हणालो तर त्यांनी मला कोपऱ्यावर बसवले. "हालू नका दाजी, कच्चा टाका घालूस्तोर." दीड तास मी गोधडीच्या नैऋत्य कोपऱ्यावर बसून होतो. पाय मेला. त्या वाकून लांब टाके घालत होत्या आणि मधूनच एखादा तुकडा उचलून बघत होत्या. "ही गुलाबी आक्कानं परळीच्या लग्नात घेतली व्हती." "ह्या पदरानं तेजूचं नाक पुसलंय, मी बघितलंय." ग्रीसचे डाग त्यांनी बरोबर मधल्या पदरात टाकले. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

८ ऑक्टोबर

कामाच्या गतीचा हिशेब केला. टाक्यांच्या ओळी कडेने सुरू होतात आणि फेऱ्या घालत आत येतात. दोन फेऱ्यांत बोटभर अंतर. म्हणजे एकूण पंचेचाळीस फेऱ्या, एकशे बासष्ट मीटर धावदोरा. वच्छलाबाई काढणीवरून येऊन रोज सोळा मीटर घालतात. तीन दिवसांत अठ्ठेचाळीस झाले. उरलेल्या चार दिवसांत चौसष्ट. पन्नास मीटर राहतात.

हा कागद त्यांना दाखवला. त्यांनी कागद उलटा करून पाहिला आणि विचारले, "मंग?"

मी म्हणालो, कुणीतरी दुसरे शिवणारे शोधले पाहिजे. त्यांनी दुसऱ्या सुईत दोरा ओवला आणि ती समोरच्या बाजूला कापडात खोचून ठेवली. आपले काम चालू केले.  ओसरीवर तिसरे कुणी नव्हते.

९ ऑक्टोबर

तीन मीटर. बोटे सुजली आहेत.

शहादेव बघून गेला. पुरुषाने गोधडी शिवलेली त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. वच्छलाबाईंना म्हणाला, "साहेबाचे टाके बघ, सरळ नकाशावानी." त्या म्हणाल्या, सरकारी टाके हायेत, एकाला बी दुसऱ्याचं तोंड दिसत न्हाई. माझा प्रत्येक टाका पाच मिलिमीटरचा आहे. त्यांचे कुठे तीन, कुठे आठ. तरी त्यांचे कापड सपाट बसते आणि माझे चुण्या धरते. दोरा लई ओढताव, सैल सोडा, असे दिवसातून दहा वेळा ऐकतो. किती सैल? "सैल."

१२ ऑक्टोबर

सहा, आठ आणि आज नऊ मीटर. तरी मधली पट्टी राहिली आहे, चौदा फेऱ्या, चोवीस मीटर. पहाटे टोळी जाणार.

वच्छलाबाईंच्या दारात भांडी, कोयते आणि बांधलेली अंथरुणे रचून ठेवली आहेत. त्यातून वेळ काढून त्या शेवटचे दोन तास येऊन बसल्या. मी टेप लावला. शिवून झालेल्या भागाची लांबी कमी भरते आहे. एक मीटर ऐंशीवर अंथरलेले कापड एक मीटर चौसष्टवर आले आहे, आणि अजून मधले टाके बाकी आहेत. माझ्या बाजूला जास्त आकसले आहे.

टाका कापड खातोच, असे त्या म्हणाल्या. अंथरतानाच चार बोटे जास्त धरतात. मग या वेळी का धरली नाहीत? "तुमी म्हनलाव एक मीटर आन् ऐंशी. टेप लावून म्हनलाव. मी म्हनलं, साहेबानं धरलं आसंल."

तेजूची उंची १.६८. लहानपणापासून ती डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपते. पाय बाहेर राहणार, डिसेंबरच्या थंडीत, बाळंतिणीचे. एवढे सगळे करून पाय उघडे.

मी बरेच काही बोललो. अंदाजे काम, अर्धवट उत्तरे, कुणालाच काही लिहून ठेवायची सवय नाही. एवढे मी ९ जूननंतर एकदम बोललो नव्हतो. त्या दोरा गुंडाळत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आक्का आसती तर तिनं सांगितलं आसतं, दाजी. मला काय सगळं म्हायती न्हाई. धरायचं किती, ती तीच बगायची. मी नुसती शिवायची."

मी टेप गुंडाळून ठेवला.

१३ ऑक्टोबर

पहाटे रस्त्यावर गेलो. ट्रकमध्ये बारा कोयते, म्हणजे बारा जोडपी, चोवीस माणसे. वच्छलाबाई मागे सामानावर बसल्या होत्या. वरूनच ओरडून सांगितले की मधे शेवटचा टाका घालायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेवायचा. वाकळीचं पोट भरलेलं पाहिजे, नाहीतर ती अंगावरच्या माणसाची ऊब खाते. मी म्हणालो, मुंग्या लागतील, उंदीर लागतील. ट्रक चालू झाला होता. त्यांनी हात हलवला, तो निरोपाचा होता की मला गप्प करण्याचा, कळले नाही.

१५ ऑक्टोबर

तीन दिवसांत चोवीस मीटर. दोरा सैल सोडला. सैल म्हणजे साधारण श्वास सोडताना हात जेवढा ढिला पडतो तेवढा. याला एकक नाही.

शेवटच्या टाक्याआधी सकाळची भाकरी घेतली. मी केलेली होती, कडेला करपलेली. न करपलेला भाग कापून आत ठेवला, एक बाय एक सेंटिमीटर. उंदीर आले तर दोष माझा नाही.

अंतिम माप: लांबी १.५८, रुंदी १.२१. चार तुकडे गहाळ. एक कोपरा तेलकट वास मारतो, उन्हात दोन दिवस ठेवूनही गेला नाही.

१७ ऑक्टोबर, लातूर

अंबाजोगाईला एसटी बदलून दुपारी बाराला पोहोचलो. जावई सत्यम कामावर गेले होते. तेजूचे वजन वाढले आहे, चेहरा उतरला आहे.

जेवण होईपर्यंत पिशवी उघडली नाही. मग उघडली आणि आधीच सांगून टाकले. सगळे. विरलेले तुकडे खराबा म्हणून वजा केले, लखनला दिले, ग्रीस, धारूरचा ट्रॅक्टर, सायलेन्सर, स्टेअरिंगवरचा २६, गहाळ झालेले ८, १७, ३० आणि ३१. लांबी कमी भरली. ३० आणि ३१ कमरेचे होते, हेही सांगितले. सांगताना पुढ्यातल्या ताटाकडे बघत होतो.

 तिने गोधडी पलंगावर पसरली आणि ती कडेकडेने हात फिरवत राहिली. तेलकट कोपरा आला तिथे वास घेतला. मग सरळ टाक्यांच्या बाजूला थांबली.

"हे तुम्ही घातले?"

हो म्हणालो. उन्हाळ्यात वच्छलाबाई परत आल्या की तेवढी बाजू उसवून नीट करून घेऊ, आणि लांबीला एक पट्टीही जोडता येईल.

"काही उसवायचं नाही," ती म्हणाली. मग एका ठिकाणी कापड उजेडाकडे धरले. आतला निळा आकडा दिसत होता, २६. तिने त्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला म्हणाली, "तुम्ही धारूरला गेलात? स्कूटरवर? त्या घाटातून?"

रस्ता चांगला झाला आहे, असे सांगितले.

दुपारी ती झोपली. डोक्यावरून गोधडी ओढून घेतली, नेहमीसारखी. मी खुर्चीवर बसून पाय कुठे बाहेर येतात ते बघत होतो, म्हणजे पट्टी किती जोडायची त्याचा अंदाज आला असता. पण आता तिला पाठीवर झोपता येत नाही. ती कुशीवर वळली, पोट जपत गुडघे जवळ घेतले आणि तशीच निजली. पाय आतच राहिले.

हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हते.

पावणेदोनपासून सव्वाचारपर्यंत झोपली. मधे दोनदा कूस बदलली. एकदाही पाय उघडे पडले नाहीत.